न झालेला धूर

दान्यांगच्या भट्टीत चुनखडी भाजली
की दगडच श्वास सोडतो.
कोळशाचा धूर वेगळा, तो आम्ही केलेला.
हा दगडाच्या पोटातला,
इथे समुद्र होता तेव्हापासून कोंडलेला.
हिशेबात दोघांचे रकाने वेगळे,
हे पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी प्यो मि-ओक. दुसरा मजला,
खिडकी लसणाच्या शेताकडे, काचेवर कायम पांढरी साय.
धुराची कारकून म्हणा.
सरकार देशभरच्या धुरावर एक छप्पर घालतं
आणि त्याखाली कंपन्यांना परवाने वाटतं,
एक परवाना, एक टन.
छप्पर हळूहळू खाली येतं;
उंच माणसांना आधी लागेल असं म्हणतात.
आमच्या वाट्याचे बहुतेक फुकट येतात,
सिमेंटने रुसून दुसऱ्या देशी जाऊ नये म्हणून,
जावयाला थांबवतात तसे.

मग वर्षभर मोजायचं.
कोळसा, दगड, चिरलेले टायर,
कँटीनचा गॅससुद्धा.
थंडी सरता सरता सोलहून पडताळणीवाले येतात.
गेल्या खेपेला त्यातला एक पोरगा
ट्रकच्या वजनकाट्यावर स्वतः उभा राहिला.
काटा हललाच नाही.
त्याने तेही वहीत लिहून घेतलं.

परवाने कमी पडले तर बाजारातून घ्या.
उरले तर विका, थोडे पुढच्या वर्षाला राखा,
अगदीच अडलं तर पुढच्या वर्षाकडून उसने आणा.
मुदतीच्या दिवशी मात्र
जेवढा धूर तेवढे परवाने, पंगतीत समोरासमोर.
एक पान रिकामं दिसलं
की दंड, बाजारभावाच्या तिप्पट.

यंदा जानेवारीत दोन नंबरच्या भट्टीच्या आतली वीट ढासळली,
पत्र्यावर लाल डाग उमटला रात्री तीनला.
एकोणीस दिवस भट्टी थंड.
कंत्राटी माणसं घरी.
चिमणीच्या शिडीवर एका काळ्यापांढऱ्या पक्ष्याने
काड्या आणायला सुरुवात केली.
माझ्या रकान्यात तेवढी भर पडत होती:
अठ्ठेचाळीस हजार टन, न झालेला धूर.

एकोणिसाव्या दिवशी मुख्यालयाचा फोन: विका.
त्या दिवशी टनाचा भाव
फाटकासमोरच्या नूडल्सच्या एका वाडग्याएवढा.
मी बटण दाबलं.
पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा वीज कंपनीने घेतले,
म्हणजे आमचा न झालेला धूर
तिच्या चिमणीतून होणार.
देशाचा आकडा तोच. छप्पर जागच्या जागी.
हिशेब चोख आहे, त्याला नावं ठेवता येत नाहीत.

दुपारी गुक मान-दुक वर आला,
भट्टीवरचा, बावीस वर्षांचा,
म्हणजे नोकरी बावीस वर्षांची; भुवया भाजून गेलेल्या.
सुट्टीच्या कागदावर शिक्का हवा होता.
पडद्याकडे बघत म्हणाला, एक टन दिसतो केवढा?
मी म्हटलं, दहा मीटर रुंद फुगा.
त्याने छताकडे पाहिलं. मावणार नाही इथे.
नाही.
मग म्हणाला,
या एकोणीस दिवसांत मीही काही जाळलं नाही,
त्यातले माझे किती?

मी खरंच शोधलं.
कोळसा होता, दगड होता, टायर होते.
मला तो वजनकाट्यावरचा पोरगा आठवला.
मी शिक्का मारला, शाई फिकट उमटली,
पुन्हा मारला.

मग आम्ही फाटकासमोर जेवायला गेलो.
तो वाडग्यावर वाकला, चष्म्यावर वाफ धरली,
पुसली नाही त्याने.
सोमवारी भट्टी पेटवायचा निरोप आलाय, म्हणाला,
वीट ओली असते, घाई केली तर तडकते.
सगळा रस्सा संपवला.
बिल मी दिलं.
दोन टन.